पाण्याची बाटली भरलेलीच परत येते

पत्र थोडक्यात: लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईने लिहिलं आहे. मुलगी साडेसहा वर्षांची, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीत. घरात तोंडाचा पट्टा चालू असतो. आजीला गोष्टी सांगते, धाकट्या भावावर डाफरते, मोबाइलवर मामाशी भांडते. शाळेत मात्र ज्युनिअर केजीपासून आजवर एक शब्द काढलेला नाही. दुकानदार, शेजारच्या काकू, पाहुणे यांच्याशीही नाही. तोंडी परीक्षेत शून्य. वर्गशिक्षिकेने एकदा ‘प्रेझेंट मिस’ म्हणेपर्यंत उभं केलं, तास संपला तरी ती उभीच. मुख्याध्यापक म्हणतात, विशेष शाळेत टाका. सासूबाई म्हणतात, लेकराने धसका घेतलाय. दृष्ट काढून झाली, वेखंड उगाळून जिभेला लावून झालं. गावातले डॉक्टर म्हणाले, मोठी झाली की बोलेल. नवऱ्याचं म्हणणं, पुण्याला मोठ्या डॉक्टरकडे नेऊ, ते गोळ्या देतील. जाऊ म्हणते, लातूरला स्पीच थेरपी लावा. आईचे प्रश्न तीन: ‘नेमकं कुणाकडे जाऊ? हिला बोलतं कोण करेल? आणि माझं काय चुकलं?’

ताई,

तुमच्या चार पानी पत्रात तिसऱ्या पानावर जाता जाता एक ओळ आली आहे. ‘पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत आणते, ती एक वेगळीच खोड.’ मी तिथंच अडले. शाळेत लघवीला जायचं तर बाईंना विचारावं लागतं. विचारणं हिला जमत नाही. म्हणून ती पाणीच पीत नसणार. असा उपाय शोधून काढलेली लेकरं मी आधीही पाहिली आहेत. आपल्याकडच्या उन्हात रोज पाच-सहा तास तहान मारत बसायचं, आणि घरी कुणाला सांगायचंही नाही. हट्टी पोर असलं करत नाही हो. हट्ट करणाऱ्याला काहीतरी मिळवायचं असतं. हिला फक्त आपल्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये एवढंच हवं आहे.

पत्रावरून निदान होत नसतं, मी ते करतही नाही. पण तुम्ही लिहिलेलं चित्र ज्या त्रासाशी जुळतं त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. बोलता येतं, भाषा येते, घरी बोलतं, पण ठरावीक ठिकाणी किंवा ठरावीक माणसांपुढे शब्दच फुटत नाही, आणि हे महिनाभराहून जास्त चालतं. शाळेचा पहिला महिना त्यात धरत नाहीत, कारण त्या महिन्यात पुष्कळ लेकरं गप्प असतात. मराठीत याला कुणी ‘निवडक मौन’ लिहितात. मला तो शब्द पटत नाही. यात निवड लेकराची नसते.

डॉक्टरमंडळींचाही इथेच घोळ झाला होता. १८७७ साली अ‍ॅडोल्फ कुसमॉल या जर्मन डॉक्टरांनी अशा मुलांविषयी लिहिलं तेव्हा नावच असं दिलं, की आपखुशीने वाचा सोडलेली. १९३४ मध्ये मॉरिट्झ ट्रामर यांनी ‘इलेक्टिव्ह म्युटिझम’ म्हटलं, म्हणजे पुन्हा तेच, पोरगं स्वतःहून गप्प बसतंय. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेत ‘सिलेक्टिव्ह’ हा शब्द आला आणि २०१३ च्या आवृत्तीत हा त्रास चिंतेच्या विकारांत नेऊन ठेवला. हट्ट नव्हे, भीती आहे, हे कागदावर यायला शंभरावर वर्षं गेली. तेव्हा तुमच्या मुख्याध्यापकांना दोन-तीन वर्षांत ते उमगलं नाही याचा फार राग धरू नका. थोडा धरा.

आता येळवसेचा, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाचा, प्रसंग. तुम्ही लिहिलंय, शेतात कोपीची पूजा झाली, पोरं झोक्यावर, आणि तुमची लेक सगळ्यांत वरच्या पट्टीत ओरडत होती, ‘मला अजून आंबील दे!’ तेवढ्यात शेजारच्या वावरात जेवायला आलेल्या तिच्या वर्गशिक्षिका बांध ओलांडून आल्या. पोरगी पेला हातात धरून जागीच थिजली. ‘तोंडातला घोटसुद्धा गिळला नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य तुम्ही ज्या कुणाकडे जाल त्यांना जसंच्या तसं सांगा. वावर तिचंच होतं, आजी शेजारी होती, भज्जी-आंबील घरचं होतं. बदललं एकच माणूस. आणि घसा, मान, चेहरा सगळं एकदम आवळलं. अंधारात पायाशी साप दिसला तर तुमच्या-माझ्या तोंडून तरी शब्द फुटतो का? तिच्यासाठी बाई हा साप आहे असं मी म्हणत नाही. पण तिचं शरीर तसंच वागतंय, आणि शरीराला दटावून उपयोग नसतो.

सासूबाईंचं ‘धसका’ मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या भागात तो शब्द जड आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भेदरून मुकी झालेली लेकरं मोठ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिली. फरक एवढाच की धसक्यानं आलेलं मुकेपण अचानक येतं आणि बहुतेक वेळा घरीदारी सगळीकडे असतं. तुमच्या लेकीचं तसं नाही. शाळेत गेल्यापासून असंच आहे आणि घरी ती बोलते. अशा मुलांच्या बाबतीत बहुतेकदा कुठलीही घटना घडलेली नसते, त्यामुळे ‘कुणी काय केलं तिला’ याचा शोध वर्षानुवर्षं घेत बसू नका. उलट ज्या आईवडिलांचं बोलकं लेकरू अचानक गप्प झालंय, घरीसुद्धा, किंवा एखाद्याच माणसाला बघून अंग चोरतंय, त्यांनी मात्र थांबू नये. आधी त्याला जवळ घेऊन ऐका, लगेच डॉक्टरांकडे न्या, आणि अत्याचाराची शंका असेल तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे.

तुमचा तिसरा प्रश्न, माझं काय चुकलं. तुम्हीच लिहिलंय की लहानपणी पाहुणे आले की तुम्ही जिन्यावरून माळवदावर पळायच्या आणि ते जाईपर्यंत खाली उतरायच्या नाहीत. घ्या. बुजरेपणा रक्तात उतरतो, नाकासारखा. काही लेकरं जन्मतःच नव्या माणसाला, नव्या जागेला जास्त दचकतात. त्यात तुमची चूक नाही. मात्र एक गोष्ट घराघरात चालते आणि तुमच्याही घरात चालत असणार. दुकानदार विचारतो, ‘काय पाहिजे गं छकुले?’ ती तुमचा पदर धरते. दोन सेकंदांत तुम्ही म्हणता, ‘बिस्किटाचा पुडा द्या.’ तिची सुटका झाली, दुकानदाराची झाली, तुमचीही झाली. तिच्या शरीराने त्या क्षणी एक धडा घेतला: गप्प राहिलं की भीती जाते. हा धडा दिवसातून दहा वेळा, तीन वर्षं. वर्गातही तेच. बाईंनी विचारलं की शेजारची पोरंच ओरडतात, ‘मिस, ती बोलत नाही!’ मायेनेच करतात बिचारी. पण त्यामुळे ‘न बोलणारी’ हीच तिची ओळख होऊन बसते, आणि एकदा ओळख झाली की ती मोडून बोलणं आणखी अवघड. म्हणून ‘मोठी झाली की बोलेल’ हा सल्ला मला महागात पडणारा वाटतो. काही लेकरं बोलतातही आपोआप. पण कोणती बोलतील हे आधी कळायची सोय नाही, आणि वय जितकं लहान तितकं हे लवकर सुटतं.

शिवाय पोरगी असली की आपल्याकडे गप्प बसण्याचं कौतुकच होतं. ‘किती शांत आहे, किती शहाणी!’ हा त्रास मुलींमध्ये थोडा जास्त दिसतो आणि मुलींमध्येच जास्त झाकला जातो. लातूर पॅटर्नच्या आपल्या जिल्ह्यात तर लेखी पेपरला मार्क आहेत तोवर पोर बोलतंय का नाही, कोण बघतो! तुम्ही पहिलीतच पत्र लिहिलंत, याचं मला खरंच बरं वाटलं.

आता ‘बोलतं कोण करेल’. ताई, या प्रश्नातच अडचण आहे. बोलतं करणारा माणूस शोधायला गेलात की बोलायला लावणारा सापडतो. मी स्वतः तशी होते. वीसेक वर्षांपूर्वी, नवी नवी असताना, माझ्याकडे सात वर्षांचा एक मुलगा आणला होता. मी टेबलावर चॉकलेट ठेवलं आणि म्हटलं, ‘फक्त नाव सांग, हे तुझं.’ त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. चॉकलेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली घातली. पुढच्या आठवड्यात तो ऑटोतून खालीच उतरला नाही. त्याच्याही पुढच्या आठवड्यात नाही. शेवटी मी त्याच्या घरी गेले, अंगणात पाठमोरी बसून त्याच्या आजीबरोबर शेंगा फोडत बसले. मागे तो भावाशी गोट्या खेळत होता. चौथ्या खेपेला मागून आवाज आला, ‘ती माझी आहे, चीटिंग नको करू.’ मी मान वळवली नाही. शेंग फोडत राहिले. माझ्या आयुष्यात इतकी अवघड शेंग मी फोडली नाही.

तेव्हापासून माझी परीक्षा सोपी आहे. पहिल्या भेटीत जो लेकराला बोल म्हणत नाही, त्याला हे काम कळतं.

बरं, कुणाकडे जायचं. सुरुवात कानांपासून. ‘घरी नीट ऐकते की’ असं सगळेच म्हणतात, तरी एकदा ऑडिओलॉजिस्टकडून तपासून घ्या. कमी ऐकू येणारं लेकरू घराच्या ओळखीच्या आवाजांत निभावून नेतं आणि वर्गाच्या गलक्यात हरवतं. ते झालं की स्पीच थेरपिस्ट, म्हणजे वाचा-भाषातज्ज्ञ. त्यांचं पहिलं काम तिची भाषा वयाप्रमाणे आहे का हे बघणं. ती त्यांच्यापुढे बोलणार नाही हे उघड आहे, म्हणून घरी आजीशी गप्पा मारतानाचे पाच-सात मिनिटांचे दोन व्हिडिओ काढून न्या, तिच्या नकळत नव्हे, सहज खेळता खेळता. ते बघून चांगला थेरपिस्ट उच्चार, वाक्यं, सगळं सांगू शकतो. काही मुलांमध्ये भीतीबरोबर बोलण्यातलीही थोडी अडचण असते, ती इथे कळते. पण ज्याला भीतीचं काम येत नाही तो स्पीच थेरपिस्ट तुमच्या पोरीला समोर बसवून ‘अ म्हण, आ म्हण’ करत राहील. तिला अ येतो. तिला शंभरापर्यंत आकडे येतात, तुम्हीच लिहिलंय. जीभही चांगली चालते. तेव्हा वेखंड बंद करा, आणि कुणी ‘जिभेखालची तार कापा’ म्हणालं तर नमस्कार करून उठा.

मुख्य काम बहुधा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं, म्हणजे चिकित्सा-मानसतज्ज्ञाचं. भीती पायरीपायरीने कमी करणं हा त्यांचा विषय आहे. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, किंवा इतर काही आहे का, हेही ते बघतील. बाहेरून दोन्ही गप्पच दिसतात, पण जे लेकरू घरी डोळ्यात डोळे घालून भांडतं, खोटंखोटं दुकान मांडतं, त्याचं चित्र बरंच वेगळं असतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट, दोघांचीही नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्याचा राग येणाऱ्याकडे जाऊ नका. नुसती ‘काउन्सेलर’ ही पाटी आपल्याकडे सहा महिन्यांच्या कोर्सवरही लागते.

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकिॲट्रिस्ट, हा एमडी झालेला डॉक्टर. तुमच्या मिस्टरांना वाटतंय की गोळ्या दिल्या की झालं. चिंतेवरची काही औषधं, फ्लुऑक्सेटिनसारखी, या त्रासात वापरतात हे खरं आहे. पण साधारणपणे लेकरू मोठं असेल, त्रास वर्षानुवर्षं मुरलेला असेल, किंवा नीट काम करूनही पुढे सरकत नसेल तेव्हा. साडेसहा वर्षांच्या मुलीला पहिला उपाय वागणुकीचा. औषधाने भीतीची धार बोथट होते; शाळेत बोलायची सवय मात्र शाळेतच लावावी लागते. तरी डॉक्टरांनी नीट तपासून औषध सुचवलंच तर ‘पोरगी वेडी आहे का’ म्हणून घाबरू नका आणि स्वतःच्या मनाने मध्येच बंदही करू नका.

पुण्याला जायचं का? रात्रभराचा प्रवास, लॉजचा खर्च, दुकान बंद, आणि तिथे एका अनोळखी खोलीत अनोळखी माणसापुढे तासभर. एकदा नीट निदान करून घ्यायला जायला हरकत नाही. पण दर पंधरा दिवसांनी पुणे हा हिशेब मला कळत नाही, कारण ती पुण्यात गप्प नाहीये, तुमच्या गावातल्या पहिलीच्या वर्गात गप्प आहे. आधी जवळचं बघा. लातूर, अंबाजोगाई, नांदेड आणि संभाजीनगरची घाटी, या चारही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत, केसपेपरचे पैसे नाममात्र. तिथे ‘मुलांची ओपीडी कोणत्या वारी’ आणि ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का’ हे दोन प्रश्न विचारा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा फुकटचा नंबर आहे, मराठीत बोलतात, जवळची सोय कुठे ते विचारता येतं. ज्यांची लेकरं जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत आहेत, त्यांच्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्या डॉक्टरांना धरा, ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतात. खासगी शाळेत ते पथक येत नाही, म्हणून तुमची लेक त्या जाळ्यातून निसटली असावी.

आणि पुण्या-मुंबईतलं कुणी या त्रासात मुरलेलं सापडलं, तर त्यांना व्हिडिओ कॉलवर शिकवायला सांगा. मुलीला नाही, तुम्हाला आणि बाईंना. हे मी मुद्दाम सांगते, कारण मोबाइलसमोर बसवलेली अशी लेकरं बहुतेक वेळा कॅमेऱ्यातून बाहेर सरकतात आणि पैसे जातात. मोठी माणसं शिकली की काम गावातच होतं.

ज्यांना भेटाल त्यांना हे नक्की विचारा: तुम्ही शाळेशी बोलाल का? पहिल्या काही भेटींत मी खोलीत बसू का? घरी आम्ही काय करायचं ते लिहून द्याल का? ‘हमखास तीन सीटिंगमध्ये’ म्हणणारा, पहिल्याच दिवशी आईला बाहेर काढून दार लावणारा, लेकराला ‘हे बघ, इंजेक्शन आहे’ म्हणणारा, हे तिन्ही टाळा. मग त्यांची डिग्री कितीही लांब असो.

काम कसं चालतं याची कल्पना तुम्हाला यावी म्हणून एक रीत सांगते. तज्ज्ञ मिळेपर्यंत यातली सुरुवात तुम्हीही करू शकता, फक्त घाई नको. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तुम्ही दोघी. दार बंद. सापशिडी मांडायची. फासा टाकला की घरं मोठ्यानं मोजायची, कारण मोजणं हे सगळ्यांत सोपं बोलणं; त्यात आपलं असं काही सांगायचं नसतं. ती तुमच्याशी तिथे नेहमीच्या आवाजात बोलायला लागली की दार थोडं उघडं. मग बाई बाहेर व्हरांड्यात, पाठमोऱ्या, वह्या तपासत. मग दाराच्या आत, मग दोन बाक पलीकडे. ती गप्प झाली तर बाई एक पायरी मागे जातील, बस्स. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. एक दिवस बाई खेळात येतील आणि मोजणीतला फक्त एक आकडा त्यांचा: एक, दोन, तीन तुमची लेक, चार बाई. त्यानंतर तुम्ही हळूहळू लांब सरकायचं. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. रविवारी तासभर ओढून बसवण्यापेक्षा हे बरं. भाषा मराठी. इंग्रजी नंतर बघू. नव्या भाषेत पडलेलं लेकरू काही महिने नुसतं ऐकत राहतं, तो आजार नव्हे. पण तुमची लेक मराठी दुकानदारापुढेही गप्प आहे, म्हणजे इथे प्रश्न फक्त इंग्रजीचा नाही.

त्या बाई तयार होतील का, ही तुमची खरी भीती मला पत्रात दिसते. ज्यांनी तिला उभं केलं त्याच बाई. भांडायला जाऊ नका, एकट्याही जाऊ नका. मिस्टरांना न्या आणि घरचा व्हिडिओ न्या. मी पाहिलंय, तो व्हिडिओ बघून भल्याभल्या कडक बाईंचा चेहरा उतरतो. ‘ही एवढं बोलते?’ असं म्हणून पुन्हा बघायला मागतात. मग मागणी अगदी छोटी ठेवा: काही महिने तिला सगळ्यांपुढे प्रश्न विचारायचा नाही, हजेरीला हात चालेल, तोंडी परीक्षेसाठी घरून वाचनाचं रेकॉर्डिंग चालेल, आणि बाकावर एक रंगीत कार्ड, ते उलटं ठेवलं की लघवीला जायचं, विचारायचं नाही. उद्याच सुरू करा ते कार्ड. बाकी सगळं थांबलं तरी ते थांबता कामा नये. बाईंना हेही सांगा की पहिला शब्द निघेल त्या दिवशी वर्ग ‘मिस, ती बोलली!’ म्हणून टाळ्या पिटेल, आणि ती पुन्हा महिनाभर मिटेल. पोरांना आधीच समजावून ठेवायचं.

आणि नाहीच ऐकलं तर? शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात मुलांना शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. बोलत नाही म्हणून तासभर उभं करणं त्यात कुठे बसतं हे मुख्याध्यापकांना शांतपणे विचारता येतं. पण हे पान शेवटी उघडायचं.

विशेष शाळेचा विचार मी तपासण्या होईपर्यंत मनातही आणणार नाही. जी पोरगी घरी गोष्टी रचून सांगते, तिला बोलणाऱ्या लेकरांतून उचलून नेऊन काय साधणार? शाळा बदलणं ही वेगळी गोष्ट. नव्या वर्गात ‘ती बोलत नाही’ हे कुणाला माहीत नसतं, त्याचा काही लेकरांना फार फायदा होतो. गावातली मराठी शाळा चांगली असेल, बाई मायाळू असतील, तर जूनमध्ये विचार करा. पण तयारी करून. मे महिन्यात त्या रिकाम्या शाळेत तिला पाच-सहा वेळा न्यायचं, व्हरांड्यात खेळू द्यायचं, जमलं तर नव्या बाईंना आधी घरी जेवायला बोलवायचं. काहीही न करता नुसती शाळा बदलली तर तीच भीती नव्या दप्तरात जाते.

घरातलं थोडं. तिच्यासमोर तिच्या न बोलण्याची चर्चा पाहुण्यांत करू नका. सासूबाईंना हे तुम्ही नाही, मिस्टरांनी सांगावं. तिला एकदा साध्या शब्दांत सांगा की शाळेत घसा आवळल्यासारखा होतो ना, तो भीतीमुळे होतो, आणि भीती हळूहळू कमी होते. आपल्याला काय होतंय त्याला नाव आहे हे कळल्यावर लेकरांचा जीव भांड्यात पडतो. दुकानात ‘बोल ना, सांग ना’ नको, पण लगेच उत्तरही देऊ नका. ‘हवं का?’ म्हटलं की मान हलते आणि विषय संपतो. त्याऐवजी ‘गोडं बिस्कीट की खारं?’ असं तुम्ही तिला विचारा, आणि मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. ते पाच आकडे फार लांब असतात, मला माहीत आहे. तुमच्या कानात कुजबुजली तरी पुष्कळ झालं. ‘खारं होय, बरं,’ एवढंच म्हणा. शाबासकीचा गाजावाजा नको. नाहीच बोलली तर प्रश्न सोपा करा, बोटाने दाखवू द्या, आणि उद्या गिऱ्हाईक नसताना, दुपारी, पुन्हा जा.

किती दिवस लागतील हे मी सांगणार नाही. काही लेकरांना महिने लागतात, काहींना वर्ष-दोन वर्षं, आणि मध्ये दिवाळीची सुट्टी आली की दोन पायऱ्या खाली घसरायला होतं. म्हणून पहिल्या शब्दाकडे डोळे लावून बसू नका. शब्द बराच उशिरा येतो. त्याआधी वर्गात हसू येतं, मैत्रिणीच्या कानात कुजबूज येते, बाईंसमोर डबा खाणं येतं. कार्ड सुरू केल्यावर आठवडाभराने दप्तरातली बाटली हलवून बघा. निम्मी जरी झाली असेल तरी मला दोन ओळी लिहा.